घनतेचं उत्तर दरवेळी चुकतंय? आधी चुकलेला आकडा नीट वाचा

स्टीलचा गोळा, व्हर्निअर कॅलिपर, मोजपात्र आणि डिजिटल वजनकाटा. एवढं सगळं हाताशी असूनही पाच गटांची पाच वेगळी उत्तरं येतात आणि पुस्तकातल्या ७.८ शी एकही जुळत नाही. मग सगळ्यांचा पहिला संशय वजनकाट्यावर. बहुतेक वेळा काट्याचा काही दोष नसतो. गडबड एककात, सूत्रात किंवा वाचनात असते, आणि कुठली गडबड झाली ते चुकलेला आकडाच सांगतो. म्हणून चुकलेलं उत्तर खोडू नका. तेच सगळ्यात उपयोगी आहे.

पुढची सगळी उदाहरणं एकाच गोळ्याची आहेत: व्यास १.९० सेमी, वस्तुमान २८.० ग्रॅम. गोळ्याचं आकारमान काढायला व्यासाचा घन करून ०.५२३६ ने गुणायचं. ते ३.५९ घन सेमी येतं आणि घनता ७.८० ग्रॅम प्रति घन सेमी.

लक्षणं

• उत्तर ०.९७ किंवा ०.९८: त्रिज्येच्या जागी व्यास घातला आहे.
• उत्तर ०.००७८: व्यास मिलिमीटरमध्येच राहिला आहे.
• उत्तर ०.७८: घन सेंटिमीटरचे घन मीटर करताना फक्त १०० ने भागलं आहे.
• उत्तर ०.२८, ०.६७ किंवा ३९: काटा ग्रॅममध्ये नाही.
• उत्तर ७८००: काहीही चुकलेलं नाही. हे किलोग्रॅम प्रति घन मीटरमधलं बरोबर उत्तर आहे.
• उत्तर दरवेळी ७.६ किंवा ७.३ च्या आसपास, कितीही वेळा मोजलं तरी तेच: व्हर्निअरची शून्य त्रुटी, म्हणजे जबडे मिटल्यावरही वाचन शून्य न येणं.
• मोजपात्रानं काढलेलं उत्तर कधी ७.०, कधी ८.०, कधी ९.३: मोजपात्र या कामाला जाड पडतंय.
• व्हर्निअरनं काढलेलं उत्तर जास्त, पाण्यात बुडवून काढलेलं बरोबर: गोळ्याला हूक आहे.
• काट्यावरचा शेवटचा आकडा सतत हलतो किंवा हळूहळू एकाच दिशेनं सरकतो: काट्याची जागा, वारा, बॅटरी.

आता तपासण्या. क्रम मोडू नका. पहिल्या चार तपासण्यांना एक पैसा लागत नाही आणि बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

१. सूत्र आणि एककं

०.९७ हा आकडा आला की बरीच मुलं खूश होतात, कारण तो पाण्याच्या १ च्या जवळ आहे आणि ‘ओळखीचा’ वाटतो. पण ज्याची घनता १ पेक्षा कमी ती वस्तू पाण्यावर तरंगते. हा गोळा तर टाकल्याबरोबर तळाला जातो. त्रिज्या व्यासाच्या निम्मी असते आणि घन केल्यावर दोनाचे आठ होतात, म्हणून उत्तर बरोब्बर आठपट कमी आलं. दंडगोल असेल तर हीच चूक चौपट दिसते, कारण तिथे व्यासाचा वर्ग येतो. उत्तर आठपट किंवा चौपट सरकलेलं दिसलं तर उपकरणाला हातही लावू नका, वही बघा.

१ मीटर म्हणजे १०० सेमी हे पाठ असतं, पण १ घन मीटर म्हणजे १०,००,००० घन सेमी हे हातातून निसटतं. १०० ने भागण्याची चूक इथूनच येते. सोपी वाट म्हणजे सगळं काम ग्रॅम आणि सेंटिमीटरमध्येच पुरं करायचं आणि शेवटी हवं तर १००० ने गुणायचं.

१ मिली आणि १ घन सेमी एकच का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. १९०१ ते १९६४ या काळात लिटरची व्याख्या एक किलो पाण्याच्या आकारमानावर होती, त्यामुळे लिटर १००० घन सेमीपेक्षा किंचित मोठा पडत होता. १९६४ पासून दोन्ही तंतोतंत सारखे आहेत.

२. काट्याच्या पडद्यावरचं एकक

स्वस्त डिजिटल काट्यांना एकक बदलायचं बटण असतं आणि ते बऱ्याचदा टेअरच्या, म्हणजे पडदा शून्यावर आणायच्या, बटणाला लागूनच असतं. चुकून दाबलं गेलं की २८.० ग्रॅमचा गोळा औंसात ०.९८८, तोळ्यात २.४० आणि कॅरटमध्ये १४० दिसतो. पडद्याच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर कुणी वाचत नाही. त्या बटणावर कागदी टेप चिकटवून टाका, हा त्रास कायमचा संपतो.

३. व्हर्निअरचं लघुतम माप

पुस्तकात लघुतम माप (साधनानं वाचता येणारं सगळ्यात लहान माप), म्हणजे मुलांच्या भाषेत लीस्ट काउंट, ०.०१ सेमी दिलेलं असतं. ते १० भागांच्या व्हर्निअरचं, जिथे व्हर्निअरवरचे १० भाग मुख्य पट्टीवरच्या ९ मिमीइतके असतात. पण बाजारातले बरेच कॅलिपर ५० भागांचे, ०.०२ मिमीचे असतात. काही २० भागांचे, ०.०५ मिमीचे. कपाटात दोन तऱ्हेचे कॅलिपर एकत्र पडलेले असतील तर गोंधळ ठरलेलाच.

ओळखायची खूण अशी: व्हर्निअर पट्टीवरून मिळणारा भाग १ मिमीपेक्षा जास्त कधीच होऊ शकत नाही. ५० भागांच्या पट्टीवर ३० वी रेघ जुळली आणि मुलानं ती ०.१ मिमीनं गुणली, तर ३ मिमी येतात. असं होऊच शकत नाही. खरं उत्तर ३० × ०.०२, म्हणजे ०.६० मिमी. प्रत्येक कॅलिपरवर त्याचं लघुतम माप मार्करनं लिहून ठेवा. आणि वरच्या बाजूची पट्टी इंचाची असते, ती वाचली जात नाही ना तेही बघा.

४. शून्य त्रुटी

उत्तर सगळ्यांचं सारखंच, पण सारखंच चुकीचं, असं असेल तर इथे थांबून नीट वेळ द्या. जबडे स्वच्छ कोरड्या कापडानं पुसा, हलक्या हातानं मिटा आणि दोन्ही शून्यं एका रेषेत येतात का बघा.

व्हर्निअरचं शून्य मुख्य शून्याच्या उजवीकडे असेल तर त्रुटी धन. दुसरी रेघ जुळत असेल तर ती +०.०२ सेमी. डावीकडे असेल तर ऋण, आणि इथेच सर्रास चूक होते. समजा सातवी रेघ जुळली. मुलं −०.०७ लिहितात. खरी त्रुटी दहातून सात वजा करून उरलेल्या तीन भागांची, म्हणजे −०.०३ सेमी. कारण शून्य मागे सरकलेलं असताना मोजणी शेवटच्या रेघेकडून करायची असते.

वाचनातून त्रुटी नेहमी चिन्हासह वजा करायची. त्रुटी ऋण असेल तर वजा केल्यावर ती आपोआप मिळवली जाते, त्यासाठी वेगळा नियम लागत नाही.

ही दोन दशांश मिलिमीटरची त्रुटी किरकोळ का नाही, ते आकड्यांत बघा. गोळ्याचा खरा व्यास १.९०, वाचन १.९२. दुरुस्ती केलीच नाही तर आकारमान ३.७१ आणि घनता ७.५६. उलट्या चिन्हानं केली, म्हणजे व्यास १.९४ धरला, तर घनता ७.३२. व्यासातली एक टक्का चूक घनतेत तीन टक्के होऊन बाहेर पडते, कारण व्यासाचा घन होतो. काट्यावर २८.० च्या जागी २८.१ आले असते तर फरक अर्धा टक्काही पडला नसता. म्हणून या प्रयोगात काट्यावर संशय घेण्याआधी व्हर्निअरवर घ्यावा.

जबड्यांच्या टोकांत गोळा धरू नका. मुख्य पट्टीच्या जितका जवळ धराल तितकी सरकत्या जबड्याची तिरकी हालचाल कमी. गोळा फिरवून तीन दिशांना व्यास घ्या. अंगठ्यानं जोर लावून दाबू नका. स्क्रू हलका आवळा, वाचन घ्या, मग सोडा.

पटकन पडताळा हवा असेल तर खिशातलं दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं घ्या. त्याचा व्यास २७ मिमी. वापरातलं नाणं झिजलेलं असतं, त्यामुळे हा पक्का पुरावा नाही, पण कॅलिपर अर्धा मिलिमीटर चुकत असेल तर लगेच कळतं.

५. मोजपात्र

१०० मिलीच्या मोजपात्रावर एक रेघ १ मिलीची असते. गोळ्याचं आकारमान ३.६ मिली. कुणी ३ वाचेल, कुणी ३.५, कुणी ४. उत्तरं अनुक्रमे ९.३, ८.० आणि ७.०. तिघांनीही मन लावून काम केलेलं असतं. साधनच या मापाला जाड आहे. मुलांचे गुण कापण्याआधी हे लक्षात घ्या.

लहान मोजपात्र घ्यावं म्हटलं तर १० मिलीच्या नळीत १९ मिमीचा गोळा जातच नाही. त्यापेक्षा सारखे पाच गोळे एकदम टाका. एकूण वस्तुमान १४० ग्रॅम, आकारमान साधारण १८ मिली. आता वाचनात अर्धा मिली चुकला तरी उत्तर ७.५७ ते ८.०० च्या आतच राहतं. सुरुवातीला पाणी ५० मिलीपर्यंत भरा, म्हणजे सगळे गोळे बुडतील आणि पातळी वरच्या रेघेच्या आत राहील. गोळे वरून सोडू नका, काचेचा तळ तडकतो. मोजपात्र तिरकं धरून एकेक गोळा घरंगळत जाऊ द्या. पाणी उडालं तर आकारमान कमी भरतं आणि घनता खोटी वाढते.

काचेत पाण्याचा पृष्ठभाग कडेला चढतो आणि मध्ये खोलगट असतो. त्या खोलगट भागाचा तळ वाचायचा, डोळा त्याच पातळीत आणून. डोळा वर असेल तर वाचन जास्त येतं, खाली असेल तर कमी. मोजपात्रामागे काळ्या पट्टीचा कागद धरला की तळ ठळक दिसतो. प्लास्टिकच्या मोजपात्रात पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो, तिथे वाचणं सोपं जातं.

इथे एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. आकारमान दोन वाचनांच्या फरकातून येतं. दोन्ही वेळा डोळा सारखाच वर असेल तर चूक बरीचशी एकमेकांत जिरते. एकदा उभं राहून आणि एकदा वाकून वाचलं तर मात्र ती पूर्णच्या पूर्ण उत्तरात उतरते. म्हणून दोन्ही वाचनं एकाच विद्यार्थ्यानं, एकाच पद्धतीनं घ्यावीत.

६. बुडबुडे, दोरा, हूक

तेलकट गोळ्यावर हवेचे बुडबुडे चिकटतात. ४ मिमी व्यासाचे तीन बुडबुडे म्हणजे ०.१ मिली, आणि तेवढ्यानं ७.८० चे ७.५९ होतात. गोळा साबणानं धुऊन, पुसून घ्या. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला तर बुडबुडे धरत नाहीत. जास्त टाकला तर फेस येऊन वाचणं अशक्य होतं. दोरा बारीक शिवणाचा घ्या, जाड सुतळी नको.

लंबकाच्या गोळ्याला हूक असतो. काटा हुकासकट वजन करतो, व्हर्निअर फक्त गोळा मोजतो. अशा गोळ्याची घनता व्हर्निअरनं काढायचीच नाही.

७. काट्याची जागा

पंखा बंद करा. काटा खिडकीपासून आणि दारापासून लांब, न हलणाऱ्या टेबलावर ठेवा. लेव्हलचा बुडबुडा असेल तर पाय फिरवून तो मधोमध आणा. बॅटरी बदला किंवा अडॅप्टर लावा. चालू केल्यावर १५ ते ३० मिनिटं तसाच राहू द्या, आतला भाग स्थिर व्हायला वेळ लागतो. उन्हात वाळवलेला गरम गोळा लगेच ठेवू नका. त्याच्याभोवतीची हवा वर चढते आणि आकडा सरकत राहतो. ओला गोळाही नको.

८. पाण्यानं दोन साधनांची एकदम तपासणी

इथवर सगळं ठीक असूनही उत्तर जुळत नसेल, तर काटा आणि मोजपात्र एकमेकांसमोर उभे करा. कोरडं मोजपात्र ताटलीवर ठेवा. आधी मोजपात्र आणि पाणी मिळून काट्याच्या कमाल क्षमतेच्या आत बसतं का, ते बघून घ्या. टेअर करा. पाणी ५० मिलीच्या जरा खालपर्यंत ओता आणि शेवटचे थेंब ड्रॉपरनं टाका. ३० अंश सेल्सिअसला १ मिली पाण्याचं वस्तुमान ०.९९५७ ग्रॅम असतं, म्हणून काट्यावर ४९.८ ग्रॅम यायला हवेत. मोजपात्रावर २० किंवा २७ अंश छापलेलं असतं. त्या तापमानाला त्याच्या रेघा आखलेल्या आहेत एवढाच त्याचा अर्थ. शाळेच्या कामात त्यानं फरक पडत नाही.

शाळेतल्या साध्या १०० मिलीच्या मोजपात्राला १ मिलीपर्यंत चूक मान्य असते, त्यामुळे ४८.८ ते ५०.८ मध्ये काहीही आलं तर तक्रार नाही. त्याबाहेर गेलं तर दोघांतलं एक खोटं बोलतंय. कुठलं, ते ठरवायला दहा रुपयांची दोन धातूंची दहा नाणी काट्यावर ठेवा. एका नाण्याचं वजन सुमारे ७.७ ग्रॅम, दहांचं ७७ च्या आसपास. तेवढं आलं तर मोजपात्र बाजूला काढा. ७० किंवा ८५ आलं तर गडबड काट्यात आहे.

९. मोजपात्राशिवाय आकारमान

ही पद्धत प्रत्येक प्रयोगशाळेत वापरली जावी असं मनापासून वाटतं, कारण हिच्यासाठी वेगळं काहीच विकत आणावं लागत नाही. बीकरमध्ये गोळा बुडेल इतकं पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा आणि टेअर करा. पडदा ०.०० दाखवेल. काट्याला न टेकणाऱ्या क्लॅम्प स्टँडवरून दोऱ्यानं गोळा हळूहळू पाण्यात सोडा. पाणी गोळ्याला अर्ध्यावर आलं की पडदा १.७९ च्या जवळ असतो. पूर्ण बुडाला की ३.५८ वर येऊन थांबतो, आणि गोळा आणखी खाली नेला तरी आकडा हलत नाही. दोरा ढिला पडून गोळा तळाला टेकला की मात्र एकदम २८.०. तळाला टेकायच्या आधीचा आकडा तोच आपला.

३.५८ ग्रॅम म्हणजे गोळ्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वस्तुमान. ०.९९५७ ने भागलं की जवळपास ३.६० घन सेमी. पाणी गोळ्याला जेवढं वर ढकलतं तेवढंच गोळा पाण्याला खाली ढकलतो, आणि काट्याला तेवढंच जाणवतं. काटा ०.०१ ग्रॅमचा असेल तर ही पद्धत मोजपात्राच्या कितीतरी पुढे जाते. हुकाचा गोळा, वेडावाकडा दगड, स्क्रू, सगळ्याला चालते.

व्हर्निअर आणि ही पद्धत एकच आकारमान देत असतील आणि तरीही ७.८ येत नसेल, तर गोळा स्टीलचा आहे का ते बघा. पितळ असेल तर ८.४ ते ८.७ येईल आणि ते बरोबर आहे. ॲल्युमिनिअमचं २.७. एखादा गोळा आतून पोकळही निघतो.

इथे थांबा

कॅलिपरचे जबडे मिटून ट्यूबलाइटसमोर धरा. उजेडाची फट सगळीकडे नाहीशी झाली पाहिजे. एका टोकाला पाचरीसारखी फट दिसत असेल तर जबडे झिजले किंवा वाकले आहेत. कानस, सँडपेपर, हातोडी यांतलं काहीही लावू नका. अशा कॅलिपरची शून्य त्रुटी जबड्यात कुठे धरलं त्यावर बदलते, म्हणजे दुरुस्तीचं सूत्रही उपयोगाचं राहत नाही. मोजमापाची साधनं दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. साधा कॅलिपर असेल तर नवा घेणं बऱ्याचदा स्वस्त पडतं.

काट्यावर १०० ग्रॅमचं वजन मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवा. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर फरक ०.०२–०.०३ पेक्षा जास्त येत असेल, वजन काढल्यावर पडदा शून्यावर परत येत नसेल, आत पाणी किंवा रसायन गेलं असेल, किंवा क्षमतेपेक्षा जास्त वजन ठेवलं गेलं असेल, तर स्क्रू उघडू नका. आतला लोडसेल, म्हणजे वजन ओळखणारा भाग, पातळ, खाचा पाडलेल्या धातूच्या पट्टीसारखा असतो. बोटानं दाबला तरी तो कायमचा बिघडतो. अडॅप्टर गरम होत असेल किंवा काट्याच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्या दिवशी प्रयोग बंद.

कॅलिब्रेशनचं, म्हणजे काटा माहीत असलेल्या वजनाशी जुळवून घ्यायचं, बटण फक्त प्रमाणित वजन हातात असेल तरच दाबा. पडद्यावर १०० मागितले असताना अंदाजानं काहीतरी ठेवलं, तर काटा तेच खरं मानतो आणि पुढची सगळी वाचनं त्याच प्रमाणात चुकतात. ०.०१ ग्रॅमच्या काट्याला एम१ वर्गाचं १०० ग्रॅमचं वजन पुरतं, त्याला ५ मिलिग्रॅमपर्यंतच फरक मान्य असतो. ते चिमट्यानं किंवा हातमोजा घालून उचला. घामाचा थर बसला की वजन बदलतं. काटा दुसऱ्या गावाहून आणला असेल तर जागेवर कॅलिब्रेशन करावंच लागतं, कारण काटा खरं तर पृथ्वीची ओढ मोजतो आणि ती विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत सुमारे अर्ध्या टक्क्यानं बदलते.

प्रमाणित वजन नसेल किंवा कॅलिब्रेशन करूनही नाणी ७७ च्या आसपास येत नसतील, तर एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेला किंवा काटा बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवा. काटा पाठवताना सोबत चिठ्ठी द्या: मॉडेल आणि कमाल क्षमता, रिकाम्या काट्यावर अर्ध्या तासात आकडा किती सरकतो, १०० ग्रॅमची पाच वाचनं, चार कोपऱ्यांची चार वाचनं, आणि बॅटरीवर वापरता की अडॅप्टरवर. ‘काटा चुकतो’ एवढंच लिहिलं तर तो तिथे चालू करून बघतात, शून्य दिसतं, आणि तसाच परत येतो.